ऐकणारी घरं

हे लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि चार ओळींच्या पत्रापलीकडे कोणी काही लिहिलंही नाही. मी स्वतः आजवर परीक्षेत उत्तरं लिहिली आणि गोदामात बिल्ट्या, म्हणजे पाठवायच्या मालाच्या पावत्या. आपल्यावर लहानपणी काय गुदरलं ते चारचौघांत सांगणं आमच्याकडे बरं समजत नाहीत. मलाही ते पुष्कळ वेळा पटतं. तरी लिहितो आहे, कारण एका बाईविषयी मी फार वर्षं चुकीचं समजत राहिलो, आणि हे तोंडानं सांगावं असं माझ्याजवळ कोणी नाही.

मी चार वर्षांचा असताना आई गेली. वडील कोळशाच्या खाणीवर कामाला गेले आणि तिकडेच त्यांनी दुसरं घर केलं. मी नागपुरात काकांकडे राहिलो. गल्लीत सगळी घरं विणकरांची. दिवसभर माग चालायचे. माझं काम कांड्या भरण्याचं, म्हणजे धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं. सूत सैल भरलं, तुटलं, किंवा मी पेंगलो, की काकांचा माग थांबायचा. माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो, विणणारा पाय खाली सोडून बसतो. काका त्या खड्ड्यातून वर येत, तेव्हा त्यांच्या हातात काय असेल ते मला पावलांवरूनच कळायचं. त्यापुढचं लिहीत नाही. आठवड्यातून तीन-चारदा होई आणि सहा वर्षं होत राहिलं, एवढं पुरे.

गल्लीला हे माहीत होतं. अवेळी माग थांबला की का थांबला, हे विणकराला सांगावं लागत नाही. बाकीचे माग चालूच राहत, आणि मला वाटे, ते जरा जोरातच चालू लागत. फक्त आमच्या भिंतीला लागून जी बाई राहायची, जिला मी मावशी म्हणायचो, तिचा माग त्या वेळी बंद पडायचा. म्हणजे तिला सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. ती कधीच आली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर दिसली तर माझी बादली उचलून देई आणि मान वळवी.

मी दहा वर्षांचा झालो तेव्हा एक दिवस पारशिवनीकडचे मामा न कळवता आले. आजी बिमार आहे, पोराला पाहायचं म्हणते, असं काकांना सांगून त्यांनी मला एसटीच्या मोटारीत बसवलं. आजी चांगली धडधाकट होती, अंगणात मिरच्या वाळवत बसली होती. मामांनी मला परत पाठवलंच नाही. शेतीला हाताखाली पोरगं हवं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं कधी नाही. पण मामांनी मला शाळेतच घातलं आणि मॅट्रिक होईपर्यंत एकदाही हात लावला नाही. त्याचंही मला कोडंच वाटायचं.

पुढे कॉलेजसाठी नागपुरात आलो. सकाळचं कॉलेज, दुपारपासून अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहिण्याचं काम, आणि तिथेच मागच्या बाजूला भाड्याची खोली. मुलं विचारत, एवढ्या लांब आणि ट्रकांच्या गोंगाटात काहून राहतोस? खोली स्वस्त आहे, असं मी सांगे. खरं म्हणजे शांत खोलीत मला झोप लागत नव्हती. आवाज थांबला की अंग आपोआप आक्रसायचं.

हमाल चांगले होते. मी डबा भिंतीकडे तोंड करून, उभ्यानंच खायचो. काकांकडे दाराजवळ उभं राहून खायची सवय लागली होती, ती सुटली नाही. त्यातला एक म्हातारा हमाल रोज म्हणायचा, “बाबू, तुह्या डब्यात सोनं हाय का गा? भिंतीले दाखोतं, आमाले नाही.” दुसरा म्हणे, “सासुरवाडीलेबी असाच उभा राहशीन, तं पोरगी देणारा म्हणन, जवाई हाय का चौकीदार?” मी हसायचो. बसावंसंही वाटायचं, पण बसत नव्हतो.

कॉलेजात एक मित्र झाला होता. दिवाळीत त्यानं आग्रहानं घरी नेलं. फराळ चालू असताना त्याच्या वडिलांनी माझ्या डोक्यावरच्या फळीवरून पानाचा डबा काढायला हात उचलला आणि मी ताट सोडून खाली वाकलो. चिवडा सांडला. त्याच्या आईनं मुकाट्यानं दुसरा वाढला. पुढे मित्रानं कितीदा बोलावलं, पण मी त्या घरी पुन्हा गेलो नाही.

या काळात मी स्वतःला एकच प्रश्न विचारत असे. मारणाऱ्याबद्दलचा नव्हता तो. मारणारा एकटा होता, पण ऐकणारी घरं पंधरा होती. त्यातलं एक तरी माणूस कधी माझ्यासाठी जागचं उठलं होतं का? नाही, असंच उत्तर यायचं. मग आता जो कोणी गोड बोले, त्याच्याकडे बघून मनात येई, हाही ऐकेल आणि बसून राहील. अशा हिशेबानं जगलं की माणसं आपोआप कमी होत जातात. त्यांना घालवावं लागत नाही.

एकदा त्याच मित्राबरोबर सक्करदऱ्याच्या बाजारात गेलो होतो. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि हिरव्या मिरच्या घेऊन एक बाई पोत्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मीही तिला ओळखलं. मावशी होती. केस पांढरे झाले होते.

“काहून गा बापू, वळखलं नाही का?” ती म्हणाली. “भिंतीपल्याड कांड्या भरे, थेच नं तू?”

ती अर्धवट उठली होती. हात माझ्या तोंडाकडे आला होता. मी मागे सरलो आणि पुस्तकातल्या भाषेत म्हणालो, “नाही बाई, तुमची काहीतरी चूक होते आहे.”

तिनं हात मागे घेतला. “असंन बापू,” म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. “तोंडावळा सारखा असते एकेकाचा.” मग सांभाराची एक जुडी तिनं माझ्या पिशवीत टाकली. मी ती काढून पोत्यावर ठेवली.

परत येताना मित्रानं विचारलं, कोण होती. मी म्हणालो, कोणी नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. आपण निदान एका घराला उत्तर दिलं, असं वाटलं होतं.

त्यानंतर दीडेक वर्षानं, दुपारच्या वेळी एक माणूस लुगड्यांचा गठ्ठा घेऊन गोदामात आला. मी बिल्टीसाठी पाठवणाऱ्याचं नाव विचारलं आणि त्यानं सांगितलेलं आडनाव माझंच निघालं. काकांचा मुलगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तोच मला बाहेर चहाला घेऊन गेला. काका आता अंथरुणावरच असतात, बोलता येत नाही, असं त्यानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग सहज बोलल्यासारखा तो म्हणाला, भिंतीपलीकडची मावशी गेली, चैत्रात. आणि माझ्या तोंडावर काही दिसलं नाही म्हणून असेल, त्यानं ग्लास खाली ठेवला.

“तुले मामानं सांगतलंच नाही का गा? तुले न्याले ये म्हून सांगाले तेच्या घरी कोण गेलं होतं थे?”

मी म्हणालो, नाही.

मग त्यानं सांगितलं. मावशीला मामांचं फक्त गाव माहीत होतं. ती एकटी मोटारीनं पारशिवनीला गेली आणि दिवसभर विचारत विचारत संध्याकाळी घरापर्यंत पोचली. पाणीसुद्धा न घेता मामांना म्हणाली, “पोरगं न्याचं तं आता न्या. मंग येन्याची गरज नाही पडणार.” आजीच्या आजाराचं निमित्त तिनंच सुचवलं आणि आपलं नाव सांगू नका म्हणून मामांना शपथ घातली. पण परतल्यावर पारशिवनीच्या मोटारीतून उतरताना काकूनं तिला पाहिलं होतं; मामा मला घेऊन गेल्यावर काकूनं तिला विचारलं, तिनं सगळं कबूल केलं आणि गोष्ट फुटली.

एका घरातली गोष्ट तिनं बाहेर नेली, असं गल्लीचं म्हणणं पडलं. तिला कोणी शिवी दिली नाही. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ द्यावी लागते. सकाळी गल्लीत ताणा लांब पसरतात आणि खळ वाळण्याआधी सहा-आठ जणांनी दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवायचा असतो. आज माझ्या घराचा, उद्या तुझ्या, असं चालतं. त्या महिन्यात मावशीनं आणि तिच्या नवऱ्यानं ताणा बाहेर मांडला आणि एकही घर उठलं नाही. दोघांच्यानं होईना. सूत एकमेकाला चिकटून वाया गेलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. मग त्यांनी माग विकला आणि ते सक्करदऱ्याकडे राहायला गेले.

“मी दारातच उभा होतो,” माझा भाऊ म्हणाला. “मायनं जाऊ देल्लं नाही.” तो आठ वर्षांचा होता तेव्हा.

चहा निवून गेला होता. तो जायला उठला आणि म्हणाला, मावशी त्यानंतर गल्लीत एकदाच आली होती, दीडेक वर्षापूर्वी. कोणाच्या घरात गेली नाही. नळावर बाया होत्या, त्यांना म्हणाली, थे पोरगं भेटलं मले बजारात. कॉलेजात जाते, साहेबासारखं बोलते.

मी विचारलं, आणखी काय म्हणाली.

“अजून का?” तो म्हणाला. “तू तिच्यापाशी बसून लई वेळ बोलला म्हणे.”