कामवाल्यांचं दार

शेजारीपाजारी त्याला ‘इंजिनेर’ म्हणत. तो होता आर्किटेक्ट, पण आईला तो शब्द काही जमेना, म्हणून तिनेच सगळ्यांना हा सोपा सांगून टाकला होता. दवाखान्यात आया म्हणून राबून तिने त्याला शिकवलं होतं.

त्याची पहिली मोठी इमारत उभी राहिली. पुढे काचेचं उंच दार. कामवाल्या बायकांसाठी मागे, कचऱ्याच्या खोलीला लागून, वेगळं दार आणि वेगळी लिफ्ट. बिल्डरने तसं मागितलंही नव्हतं. यानेच बैठकीत सुचवलं, “समोरची वर्दळ टळेल, इमारतीचा रुबाब राहील.”

पुढे तो स्वतःच तिथे राहायला गेला आणि त्याने आईला बोलावलं. तिला आणायला जायला त्याला उशीर झाला, तशी ती बस पकडून एकटीच आली. तो घाईघाईने घरी पोचला, तर ती सुनेने दिलेलं पाणी पीत बसलेली.

“सापडलं का गं घर?”

“सापडलं की. वॉचमन म्हणाला, मागून जा. वास मारतो रे तिथे. पण बायका भल्या. एकीने माझी पिशवी धरली.”

तो कानकोंडा झाला. तडक खाली जाऊन वॉचमनवर डाफरला.

“चुकलं साहेब,” वॉचमन गांगरून म्हणाला. “पण कपड्यांवरून ओळखायचं, असंच सांगितलंय आम्हाला.”

वर आल्यावर आई म्हणाली, “त्या गरिबाला कशाला बोललास? दार त्याने थोडंच काढलंय! कुणाचं रे हे डोकं?”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं.

“बिल्डरचं,” तो म्हणाला.

“मेल्याला आई नसेल.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. सगळे जेवायला बसले. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, “आई, ते दार मीच काढलं.”

तिने हातातला घास संपवला. मग म्हणाली, “मग बंद कर.”

सोसायटीच्या बैठकीत त्याने तसा ठराव मांडला. लोक हसले. “अहो, कल्पना तुमचीच ना? आम्हाला तर फार सोयीची पडते.” ठरावाच्या बाजूने एकच हात वर झाला, त्याचा स्वतःचा.

आता आई आली की वॉचमन धावत येऊन काचेचं दार उघडतो. ती त्याची विचारपूस करते आणि वळसा घालून मागे जाते. एकदा तोही तिच्याबरोबर गेला. तो लिफ्टमध्ये शिरताच आतल्या बायकांच्या गप्पा थांबल्या. साहेबांना जागा व्हावी म्हणून त्या अंग चोरून भिंतीला चिकटल्या.