निवडलेले तांदूळ

"निवांतरावांचा मूठभर भात शिजेपर्यंत लग्नाची पंगत जेवून, हात धुऊन घरी जाते," असे आमच्या ओळीतील बायका म्हणत. निवांतराव हे नावही त्यांनीच ठेवलेले. त्यात खोटे काही नव्हते. ओळीतील इतर घरांत स्वयंपाक म्हणजे धावपळ असे. कामावरून आलेली बाई चप्पल काढतानाच कुकरची शिट्टी शोधू लागे. निवांतराव मात्र सहाला सुरुवात करीत, ते आठला पानावर बसत आणि दहा मिनिटांत उठत.

इस्पितळाच्या धुलाईघरात ते इस्त्रीवर होते. दिवसभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. घरी येताच दार उघडे टाकून ते उंबऱ्यापाशी बसत. मांडीवर ताट, ताटात तांदूळ, आणि एकेक दाणा बोटाने अलीकडून पलीकडे. दुकानातून तांदूळ साफच येत असे. तरीही निवडण्यात पाऊण तास जाई. मग डाळ. मग एखादा बटाटा, तोही असा चिरीत, की जणू प्रत्येक फोडीला इस्त्री करायची आहे.

मी शेजारच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा त्यांची बायको हयात होती. ती एका शाळेत झाडलोट करी, दिवसा. त्यांची रात्रपाळी. ती सहाला येई, ते आठला निघत. बावीस वर्षांचा संसार त्या दोन तासांत झाला, आणि त्यातही तिला स्वयंपाक करायचा असे. यांना चुलीशी काही जमत नसे, म्हणून ती तांदळाचे ताट त्यांच्या मांडीवर ठेवी. "तुम्ही हात चालवा, तोंड मी चालवते," म्हणे, आणि खरोखरच चालवी. कोणत्या बाईंनी कोणाला काय सुनावले, कोणत्या वर्गात खडूचा चुरा किती निघाला, सारी शाळा मला भिंतीपलीकडून ऐकू येई. ते नुसते "हं" म्हणत.

ती गेली, त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना दिवसपाळी मिळाली. अर्ज बारा वर्षांपूर्वीचा होता.

गेल्या हिवाळ्यात वाफेने त्यांचा उजवा हात पोळला. साहेबांनी त्यांना इस्त्रीवरून काढून काही दिवस दारावर बसवले. समोरच्या वहिनींनी त्यांच्या घराची किल्ली मागून घेतली आणि डबा सुरू केला. जेवण चांगले, गरम, आणि सहाच्या ठोक्याला हजर. सव्वासहाला निवांतरावांचे हात रिकामे होत. मग ते कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जात, बस रिकामी होईपर्यंत उभे राहत, परत फिरत आणि पुन्हा जात.

"कोण यायचंय, निवांतराव?" थांब्याजवळच्या सायकल-दुरुस्तीवाल्याने एकदा विचारले.

"कुणी नाही. बस वेळेवर येते का बघतोय."

"मग काय, तपासनीस म्हणून घ्या म्हणावं तुम्हाला!"

ते हसले नाहीत. आठ वाजले, की घरी जाऊन दिवा मालवीत.

पट्टी निघाली, त्या संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. मी दारातच उभा होतो.

"भाऊजी, हात बरा झाला म्हणून लगेच स्टोव्हशी झटापट नको. आम्ही सहा जण, त्यात सातवं पोट कळतही नाही. डबा चालूच राहू दे. आणि हो, तुमच्याकडचे सगळे तांदूळ निवडून ठेवलेत मी. दुपारभर तेच करत होते. आता महिनाभर बघायला नको!"

निवांतराव आत गेले. तांदळाच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा ताट काठोकाठ भरलेले होते. ते उंबऱ्यापाशी बसले आणि नव्या, गुलाबी कातडीच्या बोटांनी ते साफ तांदूळ अलीकडून पलीकडे सारू लागले.

वहिनींचा चेहरा उतरला. "अहो, एक खडा सापडला तर नाव बदलेन मी! माझ्या निवडण्यावर भरवसा नाही, की माझ्या हातचं आवडत नाही?"

"आवडतं की."

"मग अडलंय कुठं?"

बोट थांबले नाही, मानही वर झाली नाही.

"जेवण तुम्ही द्याल हो, वहिनी. पण सहा ते आठ मी करू काय?"