शेपटीवरचा आकडा

रविवार, ३ मे १९८१ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता मी देवळाली कॅम्पच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाची पाटी रंगवीत होतो. मागे एक गृहस्थ सायकल धरून बराच वेळ उभे होते. "अक्षरं स्वच्छ काढतोस. विमानावर आकडा काढशील का?" त्यांनी विचारले. माझी शाळा नववीत सुटलेली. ही थट्टा आहे की काम, ते मला कळेना. विमान कारखान्यात तपासनीस असलेले श्री. दामोदर गायकवाड, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, मला असे भेटले. त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात एका पेंटरने काय लिहावे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

सुट्टीच्या दिवशी अण्णा घरामागच्या शेडमध्ये अवकाशातून परतणाऱ्या विमानाचा नमुना करीत. अमेरिकेचे असे यान तेव्हा नुकतेच जाऊन आले होते. रॉकेट एकदा वापरून टाकून द्यायचे, हे अण्णांना पटत नसे. मुंबईला पोहोचली की एस.टी. मोडीत काढली, तर तिकीट कुणाला परवडेल, असे ते विचारीत. त्यांचा नमुना म्हणजे दोन हात लांब, बिनइंजिनाचा लाकडी ग्लायडर. चांदवडच्या टेकडीवरून तो सोडायचा, उतरला की तपासायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा सोडायचा. प्रत्येक उड्डाणाआधी शेपटीवर नवा आकडा घालायचा. ते काम माझे.

ग्लायडर घेऊन एस.टी.ने टेकडीकडे जाताना कंडक्टर विचारी, "अण्णा, आज गिधाडाचं तिकीट काढायचं का?"

"अर्धं फाडा. अजून लहान आहे," अण्णा सांगत.

त्याच एस.टी.त त्यांनी मला दशांश अपूर्णांक शिकवले. माझे गणित कच्चे आहे, हे त्यांनी कुणाला कधी कळू दिले नाही.

पंचविसावे उड्डाण पाहायला कारखान्यातले दोन साहेब आले. त्यांना पटले, तर जोराचा वारा सोडून विमाने पारखतात त्या तिथल्या वाऱ्याच्या बोगद्यात नमुना तपासायला मिळणार होता. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, म्हणजे दुसरी संधी नव्हती. मी २५ फार काळजीने काढला. ग्लायडर सुटला, नाक वर करून थबकला आणि खाली दगडांवर आपटला. धाकटे साहेब हसले.

अण्णांनी शेपटी नखाने खरवडली. पांढऱ्या रंगाखाली २४, त्याखाली पुन्हा पांढरा, त्याखाली २३. जुना आकडा घासला तर लाकडाला ओरखडा पडेल, म्हणून मी दर वेळी त्यावर पांढऱ्याचे दोन हात देत होतो. पाट्यांचे आम्ही असेच करतो. शेपटी जड झाली होती.

"अण्णा, माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

अण्णा साहेबांकडे वळले. "दहाव्या उड्डाणानंतर मी तोल पाहिलाच नाही. म्हटलं, विमान तर तेच आहे. चूक तपासनिसाची आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी सराफाच्या काट्यावर रंगाचे पापुद्रे तोलले. एकवीस ग्रॅम भरले. अण्णांनी ते अहवालात लिहिले आणि शोध लावणारा म्हणून माझे नाव घातले. मी ते खोडायची विनंती केली. "तू इतकं नीट रंगवलं नसतंस, तर मला हे कळलंच नसतं," ते म्हणाले. हे कौतुक होते की शिक्षा, मला आजही सांगता येत नाही.

बोगद्याला नकार आला. मात्र पत्राखाली थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, की दर उड्डाणाला वजन किती वाढते ते मोजत राहा, पुढे उपयोगी पडेल. निवृत्तीनंतर अण्णा तेच करतात. मग आमचे काम फसले की चालू आहे? या ग्रंथाच्या समितीने मला यशाविषयी लिहायला सांगितले आहे. मी एवढेच लिहू शकतो, की जोडलेल्या नाकाचा तोच ग्लायडर गेल्या रविवारी एकशे बाराव्यांदा उडाला, आणि त्याआधी अण्णांनी त्याचा तोल पाहिला.

काकू सांगतात, अण्णा डॉक्टरांकडे जात नाहीत. शरीर तेच तर आहे, असे म्हणतात. अण्णा, साठ वर्षे वापरलेले शरीर आहे. दर वर्षी काट्यावर उभे राहत जा, रक्तदाब मोजून घेत जा. टेकडीवर आम्हाला तुम्ही अजून चाळीस वर्षे तरी हवे आहात.