आमच्या घरात तापाला नाव नव्हतं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या छातीची डावी बाजू काळसर आणि स्वच्छ दिसत होती. उजवी खालून अर्ध्यापर्यंत पांढरी होती. थंडीच्या दिवसांत सकाळी धारूरचा किल्ला अर्धा धुक्यात बुडतो, अगदी तशी. पहिल्या क्षणी मला ते चित्र सुंदर वाटलं. ती माझीच छाती आहे, हे जरा उशिरा लक्षात आलं.

"प्लुरल इफ्युजन," डॉक्टर म्हणाले.

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये पाणी साचलं की त्याला हे नाव. पाण्याखाली फुफ्फुस दबतं, म्हणून दम लागतो. पाणी का साचलं, हे मात्र शोधावं लागतं. म्हणून त्यांनी विचारलं, "ताप येत होता का?"

माझ्या आधी आत्या बोलली. "न्हाई साहेब. प्रभूच्या नावात ताप न्हाई."

ताप होता. कितीतरी दिवस रोज संध्याकाळी येत होता.

आत्याचं नाव मार्था. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. धारूरच्या बाजूला आमची वस्ती आहे, तिथे ख्रिस्ती घरं थोडीच. बायकांची प्रार्थना आत्या चालवते. तिची शिकवण सगळ्यांना पाठ आहे. जीभ म्हणजे तिफण, जे पेराल तेच उगवेल. म्हणून आमच्यात आजाराचं नाव तोंडाने घेत नाहीत. कुणी "कशी हायस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "कृपेनं बरी हाय." दुखणं सांगणं म्हणजे त्याला घरात पाट मांडून बसवणं.

मी लाजाळू. मला ही रीत सोयीची होती. तयार उत्तर हाताशी असलं की कुणी आत डोकावत नाही.

आणि आत्याचे शब्द पोकळ नव्हते. मी इंग्रजी शाळेत जायला लागले तेव्हा ती रोज माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "शहाणी हो, निर्भय हो." निर्भय मी कधीच झाले नाही. पण शाळेच्या फाटकापर्यंत तरी असायचे. तेवढं अंतर त्या शब्दांनीच चालवलं.

ताप सुरू झाला तो सीताफळांच्या दिवसांत. बालाघाटाच्या उतारावर ऊन कलायला लागलं की माझं अंग तापायचं. मी ओसरीवर पडून राहायचे. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू यायच्या. भिंत श्वास घेतेय असं वाटायचं. एकदा आई अंगणात कपडे वाळत घालताना दिसली, आणि मी तिला हाक मारली नाही, कारण हाकेने ती विरघळली असती. मग घाम फुटायचा, अंग गार व्हायचं. आत्या पदराने कपाळ पुसत म्हणायची, "वारं लागलंय. जातंय बघ, गेलंच."

गावातल्या डॉक्टरांकडे आम्ही सकाळी गेलो होतो. सकाळी अंग गारच असायचं. त्यांनी तापाचं विचारलं, आत्याने हेच उत्तर दिलं. त्यांनी स्नायूचं दुखणं समजून गोळ्या दिल्या. त्यांचा तरी काय दोष? नंतर न्हाणीघरापर्यंत चालतानाही दम लागायला लागला, तेव्हा आम्ही बीडला आलो.

आता या डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "ताई, तुम्ही सांगा. मी औषध तुमच्या उत्तरावर ठरवणार. चुकीचं ऐकलं तर चुकीचं देईन, आणि मग हे दुसरं फुफ्फुसही धरू शकतं. ताप येत होता?"

मी आत्याकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाले. "रोज संध्याकाळी. नंतर घाम येतो. वजनही उतरलंय."

आत्याने पदर तोंडावर दाबला. जणू तो "हो" तिला परत आत ढकलायचा होता, पण तोंड माझं होतं.

ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांच्यासाठी सांगते. पाणी काढण्याला प्लुरल टॅप म्हणतात. स्टुलावर बसवतात, पुढे टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकायला लावतात. पाठीत बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, मग बरगड्यांच्या मधून सुई घालतात. दुखत नाही, पण आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. फुफ्फुस उघडायला लागलं की खोकला येतो. बाटलीत उतरलेलं पाणी गवती पिवळं होतं. माझ्या आत इतका पिवळा रंग होता, याचं मला नवल वाटत राहिलं.

पाण्याचे रिपोर्ट यायला वेळ होता. त्या वेळात आत्या गप्प होती. रुसली नव्हती. मला गरम दूध देत होती, केस विंचरत होती. पण प्रार्थना नव्हती. ज्या बाईच्या तोंडून तांदूळ निवडतानाही स्तुती चालायची, ती मुकी झाली होती. मला एक्स-रेपेक्षा त्याची भीती वाटली. मी पेरलेल्या शब्दाचं पीक तिला दिसत असेल का? तिने माझ्यासाठी मागणंच सोडलं असेल का?

शेजारच्या खाटेवर उमापूरकडच्या एक मावशी होत्या, शेळ्या राखणाऱ्या. डॉक्टर दिसले की त्या टाळूपासून टाचेपर्यंत सगळं सांगायच्या. मला म्हणाल्या, "कावून गं, इंग्रजी शाळेतली म्हणं तू, आन् तोंडाला कुलूप? आमची शेळी बोलत न्हाई म्हणून तिचं पोट चाचपावं लागतं. तुला देवानं तोंड दिलंय की!"

मग आत्याकडे वळून, "तुमी बी शेळीच का वो बाई?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. आत्याही हसली. हसता हसता उठून व्हरांड्यात गेली.

रिपोर्ट आला तेव्हा दुपार होती. पाण्यातलं एडीए वाढलेलं होतं. एडीए हा एक घटक आहे, क्षयरोगात तो वाढतो. डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. थुंकी स्वच्छ आहे, त्यामुळे सहसा दुसऱ्याला लागत नाही. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. लघवी केशरी होईल, घाबरू नका. पूर्ण बऱ्या व्हाल."

ते गेल्यावर आत्या माझ्या पायाशी बसली.

"तो आंधळा हुता ना रस्त्याकडंचा," ती म्हणाली, "प्रभूनं त्याला इचारलं, तुला काय पायजे? आता प्रभूला दिसत नव्हतं का, हा आंधळा हाय म्हणून?"

मी उशीवरून तिच्याकडे वळले.

"दिसत हुतं की. तरी बी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. इतकी वर्सं मी ही गोष्ट सांगते, माय. लई सांगितली. ऐकली न्हाई."

तिने माझ्या पाठीवर, सुईच्या पट्टीजवळ, हात ठेवला आणि डोळे मिटले. "प्रभू, आमच्या पोरीला टीबी हाय. छातीत पाणी झालंय. रोज ताप येतुय. मी भ्याले म्हणून बोलले न्हाई. तू बरी कर."

टीबी, पाणी, ताप. आमच्या घरात बंदी असलेले शब्द तिच्या तोंडून एकामागून एक बाहेर पडले आणि काहीच कोसळलं नाही. मला वाटलं, माझी खाट सावकाश एका काठाला लागतेय. आत्याच्या हाताखाली मी झोपले, आणि त्या झोपेत कुणी विरघळलं नाही.

गोळ्या संपल्या. नवा एक्स-रे दोन्ही बाजूंनी काळसर, धुकं विरल्यासारखा. औषधाचे आभार, डॉक्टरांचे आभार, आणि ज्याने दोन्ही दिलं त्याचे.

आमच्यात बरं झालं की रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची असते, देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांना सांगायचं. मी कधीच दिली नव्हती. या वेळी उभी राहिले. ठरलेलं वाक्य होतं, पण ते मी बोलले नाही. तापापासून केशरी लघवीपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मला हायसं वाटलं.

मी बसले तशी आत्या उठली.

"माझा गुडघा," ती म्हणाली, "लई दिसापासून दुखतुय. देवाला ठावं हाय. आता तुमाला बी सांगितलं."

मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "मार्थाबाई, मला रातीचं दिसत न्हाई." त्यामागे दुसरा. त्यामागे अजून एक. दाराबाहेर शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. या वेळी त्या पाण्याखालून येत नव्हत्या.

पाळकसाहेब उपदेशाला उठले होते. ते परत खाली बसले आणि ऐकू लागले.