अण्णांची नक्कल करताना फुटलेलं हसू

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, कारण हात मोकळा नव्हता. टँकर आला होता. पाइपचं तोंड ड्रममध्ये धरून ते उभे होते, सोडलं असतं तर पाणी रस्त्यावर गेलं असतं. "तिथूनच पाया पड," म्हणाले, "आन् पोचली की फोन कर." आई झाकण घेऊन शेजारी उभी. मी बॅग उचलली आणि बसस्टँडपर्यंत रिक्षात एकटीच रडत गेले. राग लई आला होता. पोरगी मुंबईला नटी व्हायला निघाली आणि बापाला ड्रम महत्त्वाचा!

अण्णा गंगापूरला शाळेत कारकून होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी शहरात बायपासच्या पलीकडं प्लॉट घेतला, घर बांधलं. तेव्हा बसच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. बिल्डरांच्या बोर्डांवर कारंजी उडत होती आणि आमच्या गल्लीत पाइपलाइनच नव्हती. त्यात पाऊस पाठ फिरवून बसला. आमच्याकडं मोरीत बाज टाकून त्यावर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात फडकी धुवायची आणि तेच पाणी मग संडासाला. त्या गल्लीतून बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. पण मुंबईत सांगितलं की लोकांना वाटतं, मी फेकतेय.

करमणूक म्हणजे टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम. अण्णा जोकला कधी हसायचे नाहीत. पण एखाद्या नटाला मधेच स्वतःचंच हसू आवरेना, तो पाठ फिरवायला लागला, खोटी मिशी दाबून धरायला लागला, की अण्णा खुर्चीच्या कडेला सरकायचे. "गेलं! गेलं बघ त्याचं!" आणि मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. त्यांना तसं हसताना बघूनच हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं.

आता दिवाळसणाचं सांगते. ताईचं लग्न झालं त्या साली पावसाचा थेंब नव्हता. दाजी सांगलीकडचे, नदीकाठचे. पहाटे तेल लावून, उटणं चोळून त्यांना बाजेवर बसवलं. टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. अण्णा मोरीच्या दाराबाहेर उभे राहिले आणि आतल्या तांब्याचा आवाज ऐकत मोजायला लागले. मग म्हणाले, "बापू, दोन झाले. तिसरा जरा बेतानं." दोन तांब्यांत उटणं निघतं होय? जावईबापू फराळाला बसले ते कानामागं, मानेवर उटण्याचे पापुद्रे घेऊन. मी स्वयंपाकघरात ओढणी तोंडात कोंबून हसत होते. आई मात्र पांढरीफटक पडली होती. त्यानंतर दाजी आमच्याकडं कधी मुक्कामाला राहिले नाहीत. सकाळी यायचे, संध्याकाळी निघायचे. ताईनं किती आर्जवं केली, पण नाही म्हणजे नाही. आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं की अपमान झाला. घरात तो विषय कुणी काढत नसे. "घरातलं घरात," एवढंच अण्णा एकदा म्हणाले होते.

आणि मी काय केलं? दोन वर्षं टीव्हीवर ट्रे घेऊन आत-बाहेर करणाऱ्या बायका केल्यावर एक दिवस लेखकांच्या खोलीत चहा पिताना हा किस्सा सांगून टाकला. सगळे गडबडा लोळले. डायरेक्टर म्हणाला, "सासरा तूच कर." पहिला मोठा रोल! नाही म्हणायची अक्कल मला झाली नाही. खरं सांगायचं तर सुचलंसुद्धा नाही.

हा डायरेक्टर हसण्याच्या बाबतीत भारी कडक. टेकमध्ये तीनदा हसू फुटलं की रोल दुसऱ्याला. मी दोनदा फुटले. तिसरा टेक. धोतर, टोपी, खांद्यावर पंचा घेऊन दाराशी उभी राहिले. दिवाळसणाच्या त्या पहाटे अण्णांचा आवाज मधेच चिरकला होता, तसाच चिरकवला. "बापू, दोन झाले!" माझ्या घशातून हुबेहूब अण्णा निघाले आणि मी गेले. पंचा तोंडावर धरला, भिंतीकडं वळले, खाली बसले. वाटलं, संपलं आपलं. पण समोरचे प्रेक्षक खुर्च्या सोडून उठले होते, आणि डायरेक्टर हातानं चालू ठेव, चालू ठेव म्हणत होता. तेच ठेवलं. त्याचाच प्रोमो केला.

प्रोमो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. ताईचा फोन आला. "तुला काहीच वाटलं नाही का गं? यांनी बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. रविवारी अख्खा एपिसोड अण्णांकडं जाऊन बघू म्हणतायत." एपिसोड थांबवता येईल का विचारलं, तर लोक मला वेड्यात काढायला लागले. ताईच्या संसारात मी काडी टाकली होती, आणि अण्णांना भर घरात जावयासमोर बसवणार होते. शनिवारी बस पकडली.

अण्णांनी दार उघडून बॅग आत घेतली. आई म्हणाली, "जेवलीस का?" आणि ताट वाढायला गेली. रविवारी दुपारी ताई-दाजी आले. संध्याकाळी सातला सगळे टीव्हीसमोर. मी दाराला टेकून उभी, कारण अण्णांच्या शेजारी बसायची छाती होईना. पडद्यावर बाज आली, घमेलं आलं. कुणी हसलं नाही. मग मी आले, टोपी घालून. "बापू, दोन झाले!" आणि टीव्हीतली मी हसत भिंतीला चिकटले. टीव्हीतले लोक नुसते किंचाळत होते. अण्णा स्वतःच्या तळहातांकडं बघत होते.

दाजींनी रिमोट उचलून आवाज बंद केला. मला वाटलं, आता भडका उडतो.

"अण्णा, एक बोलू? मला पाण्याचं कधीच काही वाटलं नव्हतं. पण तुम्ही दोन झाले म्हणालात आणि तुमचा आवाज फुटला. मग दाराबाहेर पंच्यात तोंड घालून तुम्ही रडत होता. मला आतनं ऐकू येत होतं हो. मी पुन्हा मुक्काम केला असता तर तुम्हाला पुन्हा तिथं उभं राहावं लागलं असतं. म्हणून राहिलो नाही."

ताईनं तोंडावर हात धरला. तिलासुद्धा माहीत नव्हतं. मी तर तेव्हा भिंतीपलीकडं हसत होते. तो चिरकलेला आवाज मला चिडल्याचा वाटला होता. इतकी वर्षं मी तो मैत्रिणींना करून दाखवला, आणि दर वेळी सगळ्यात जास्त हशा त्या चिरकण्यालाच आला.

अण्णांनी तळहात मिटले. मग म्हणाले, "जावईबापू, आज राहा."

"राहतो," दाजी म्हणाले.

मी पुढं झाले. "अण्णा, चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"हुबेहूब केलंस बाई," ते म्हणाले. "लई हुबेहूब."

मुंबईत आता लोक मला ओळखतात, रस्त्यात थांबवून "दोन झाले" म्हणायला लावतात. मी हसून टाळते. घर कुठलं विचारलं की मी बायपासच्या पलीकडची ती गल्ली सांगते. माझ्या कामाची एवढी मोठी तारीफ मला तिथंच मिळाली, आणि तिथंच मला मान वर करता आली नाही.