द्रौपदीबाईंच्या तीन नोंदी

सुगंधा परब चारकोपच्या एका धर्मादाय दवाखान्यात सव्वीस वर्षं केसपेपर काढत होती. दवाखान्यात कॉम्प्युटर आले तेही तुकड्यातुकड्यांनी. आधी केसपेपरचा प्रोग्राम, मग लॅबचा, मग औषधांचा. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी केलेले, त्यामुळे पेशंटच्या याद्याही तीन.

मार्चमध्ये द्रौपदीबाई कदमांना नव्या डॉक्टरांनी सल्फाची गोळी लिहून दिली. बाईंना सल्फा चालत नाही हे औषधांच्या यादीत होतं, पण 'डी. कदम' या नावाखाली. डॉक्टरांच्या स्क्रीनवर ॲलर्जीचा रकाना कोरा. औषधवाल्याला पूर्ण नाव सापडेना, त्यानं तर बाईंची नवीच नोंद उघडली. सुगंधा सहज तिथं उभी होती म्हणून ओरडली, "अहो थांबा, मागे अंगभर पुरळ आलं होतं यांना!"

गोळी परत गेली, पण सुगंधाच्या मनातून एक प्रश्न जाईना. आपण त्या दिवशी रजेवर असतो तर?

ती तडक ट्रस्टींकडे गेली. त्यांनी शौनक नावाचा प्रोग्रामर दिला. त्यानं समजावलं, "ताई, तिन्ही प्रोग्राम राहतील. लॅबचे रिपोर्ट लॅबकडे, औषधांचा साठा औषधवाल्याकडे. पण नाव, वय, ॲलर्जी एकाच जागी ठेवू. तिघांनी तिथूनच वाचायचं."

"आणि नाव बदलायचं कोणी?"

"फक्त तुमच्या केसपेपरच्या खिडकीनं."

हे तिला पटलं. पण शौनकनं नाव आणि मोबाईल जुळले की नोंदी आपोआप जोडायचं ठरवलं, तेव्हा ती अडून बसली.

"हा काशीराम तावडे बघ, या नावाचे दोन पेशंट. दोघं चुलतभाऊ आहेत, मोबाईल एकाच्याच मुलाचा. एकाला साखर आहे, दुसऱ्याला नाही. जोडलंस तर वाट लागेल रे!"

मग एकाच माणसाच्या असाव्यात अशा संशयाच्या नऊशे जोड्या शौनकनं वेगळ्या काढल्या आणि सुगंधानं घरोघरी फोन लावले. "वरच्या मजल्यावरचे तुम्ही की खालचे?" असं विचारत दोन महिने गेले. पुसायचं काहीच नाही, तिन्ही याद्यांतले पेशंटचे जुने नंबरही नव्या नोंदीला बांधून ठेवायचे, हा हट्ट तिचाच.

जुलैच्या एका सोमवारी नवी यादी सुरू झाली. सुगंधा दुपारपर्यंत श्वास रोखून बसली होती. लॅबमधून 'हे कोण पेशंट?' म्हणून विचारायला कोणी आलं नाही. संध्याकाळी औषधवाला स्वतःहून म्हणाला, "ताई, स्क्रीनवर ॲलर्जीची लाल पट्टी आली, डॉक्टरांना विचारून औषध बदललं." बस्स, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये ती भाचीच्या लग्नाला मालवणला गेली. सहाव्या दिवशी बहिणीनं विचारलं, "गो, दवाखान्यात फोन नाय केलस?"

"नाय गो," सुगंधा म्हणाली, आणि अंगणातल्या बाकड्यावर पाय पसरून बसली.