साहेबांची शिकवणी

मी नेमकं काय काम करते, हे आईला शेवटपर्यंत समजावता आलं नाही. लालबागच्या चाळीत कुणी विचारलं की ती सांगायची, मुलगी मोठ्या साहेबांची शिकवणी घेते. मग मला एकटीला गाठून विचारायची, "तेंका तू काय शिकयतस गे?" मी म्हणायचे, काही शिकवत नाही, प्रश्न विचारते. तिला ते पटायचं नाही. नुसते प्रश्न विचारायला एवढी मोठी माणसं बोलावतील कशाला?

त्याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. कंपनीत सगळ्यात वर बसलेल्या माणसाला खालचं कुणी खरं सांगत नाही. मालकांना आणि संचालकांना फक्त निकाल हवा असतो. अशा माणसाबरोबर काही महिने, ठरलेल्या दिवशी, दार लावून बसायचं. सल्ला द्यायचा नाही. त्याचं वागणं त्याला स्वतःला दिसेल असं त्याला बोलतं करायचं. मी बरीच वर्षं एचआरमध्ये होते, तिथून या कामात आले. एका साहेबांमुळे या कामाबद्दलचं माझं मत कायमचं बदललं. ती गोष्ट इथे सांगते.

ते औषधांसाठी बाटल्या आणि डबे बनवणाऱ्या एका कंपनीचे एमडी होते. ऑफिस परळला, जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. पहिल्या बैठकीला आम्ही चौघं होतो: कंपनीचे अध्यक्ष, एचआरच्या प्रमुख बाई, ते आणि मी. अध्यक्ष मोकळेपणाने हसत म्हणाले, "हा आमचा हिरा आहे, थोडे पैलू पाडायचे आहेत." तक्रार अशी होती की एमडी कुणाला वाक्य पूर्ण करू देत नाहीत, चूक सापडली की सगळ्यांसमोर सोलून काढतात, आणि त्यामुळे चांगली माणसं सोडून जातात. त्यांनी ऐकायला शिकावं, हे आमचं उद्दिष्ट ठरलं. आम्ही दोघं जे बोलू ते आमच्यातच राहील, अध्यक्षांनाही कळणार नाही, हे मी स्पष्ट केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एमडी एकदाही बोलले नाहीत. ते अध्यक्षांकडे नाही, एचआरच्या बाईंकडे बघत होते.

मग रीतीप्रमाणे मी त्यांच्या हाताखालच्या लोकांना एकेकटं भेटले. नाव कुठेही येणार नाही म्हटल्यावर लोक बोलतात. एकजण म्हणाला, सर खोलीत आले की आम्ही फक्त आकडे बोलतो, आकड्यांवर ओरडा कमी बसतो. एका बाईंनी सांगितलं की आपले वडील आजारी असताना सर स्वतः केईएम हॉस्पिटलला आले होते, कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनीच आपल्याला रडवलं. त्या म्हणाल्या, यातलं खरं कुठलं ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं मी त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. मी विचारलं, समोरच्याची चूक दिसली की तुमच्या आत काय होतं? ते म्हणाले, राग येतो. आणि तुमची स्वतःची चूक कुणी दाखवली तर? त्यावर ते गप्प झाले. आमच्या कामात समोरच्याची शांतता आपण भरून काढायची नसते, म्हणून मीही गप्प राहिले.

"मॅडम, माझी चूक माझी एकट्याची नसते," ते शेवटी म्हणाले. "ती आमच्या सगळ्या लोकांची होते."

मग ते सांगत गेले. वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब. वडील मिलमध्ये, पण साचे खात्यात, म्हणजे विणकामाला, त्यांच्या जातीच्या लोकांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि इतरांना त्याचा विटाळ वाटायचा. हे ते माझ्याकडे न बघता बोलले. माझे वडील साचे खात्यात होते, हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी हसत हसत विचारलं होतं, पूर्ण नाव काय? आडनाव ऐकल्यावर त्या वरिष्ठांचं हसू जरा बदललं. त्या दिवसापासून एमडींनी ठरवलं की आपल्या कामात कुणाला बोट ठेवायला जागाच सापडता कामा नये. इतरांच्या दुप्पट तयारी करून ते मीटिंगला जायचे. पुढे लोक हाताखाली आल्यावर त्यांच्याकडूनही तीच अपेक्षा करू लागले. "मी ज्याला ओरडतो तो मला मीच दिसतो," ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायले.

त्यानंतर त्यांनी मनापासून काम केलं. अशी माणसं मला फार भेटलेली नाहीत. मीटिंगमध्ये बोलावंसं वाटलं की टेबलाखाली मूठ आवळून धरायचे. ज्या बाईंना रडवलं होतं त्यांना बोलावून माफी मागितली. एका तरुण मॅनेजरने ऑर्डरमधली मोठी चूक स्वतःहून कबूल केली तेव्हा त्यांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं, आणि मग आपण मिळून काय करू या, असं विचारलं. लोक आधी घाबरलेच. सरांची तब्येत बरी नाही का, असं कुणीतरी त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं. हे मला सांगताना ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

मग मधल्या टप्प्याचा आढावा आला. पुन्हा तेच चौघं, तीच खोली. अध्यक्ष तितक्याच गोड आवाजात म्हणाले की बदल दिसतोय, छान आहे, पण आता एमडी जरा मऊ पडलेत असं बाहेरून कानावर येतंय. निर्णय घ्यायला वेळ लावतात, सगळ्यांना विचारत बसतात. कंपनीला सध्या कडक हात हवा.

ज्या गोष्टीसाठी मला बोलावलं होतं तीच आता दोष झाली होती. एमडींनी फक्त "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या मीटिंगला निघून गेले.

एचआरच्या बाई मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. वाईट नव्हत्या त्या. लिफ्ट येईपर्यंत बहुधा त्यांना राहवलं नाही. हळू आवाजात म्हणाल्या की तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या जागी नवीन माणूस आधीच ठरला आहे. आधी म्हणजे कधी, मी विचारलं. तुम्हाला बोलावण्याच्याही आधी.

"मग मला कशाला बोलावलं?"

"उद्या कुणी विचारलं तर आपण त्यांना संधी दिली होती, असं म्हणता आलं पाहिजे ना," त्या म्हणाल्या. लिफ्ट आली. हे माझ्याकडून कळलं असं होऊ देऊ नका, एवढंच वर सांगून त्या परत फिरल्या.

मी खाली उतरले आणि स्टेशनकडे जायचं सोडून भलत्याच बाजूला चालत सुटले. चिंचपोकळीच्या पुलावर पोचल्यावर भानावर आले. मला राग आला होता, पण त्याहून जास्त ओशाळल्यासारखं वाटत होतं. त्या माणसाने माझ्यासमोर जे बाहेर काढलं होतं, त्याचा उपयोग त्याला काढून टाकण्याची रीत पूर्ण करण्यासाठी चालला होता.

आमच्या कामात कोचलाही सल्ला घ्यायला एखादं वडीलधारं माणूस असतं. माझे गुरुजी गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला राहतात, वय झालंय, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंनी विश्वासाने सांगितलेलं तुला उघड करता येणार नाही, ते म्हणाले. पण खोटं ठरलेलं काम चालू ठेवणंही तुझ्यावर बंधनकारक नाही. काम थांबव. माणूस हुशार आहे, समजेल.

पुढच्या भेटीत मी एमडींना सांगितलं की हे काम मला पुढे करता येणार नाही, आणि कारण सांगता येणार नाही. हे वाक्य मी घरी अनेकदा घोकलं होतं. ते शांत होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि माणूस चहा ठेवून जाईपर्यंत थांबले.

"मॅडम, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. एचआरच्या बाई त्या बैठकीत त्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या. कुणाला काढायचं ठरलं की बाई अशाच बसतात, हे त्यांना माहीत होतं. अशा बैठकांना ते स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले होते.

मी विचारलं, "मग आलात कशाला? एवढं सगळं केलंत कशाला?"

"इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "रिपोर्ट विचारले. मी कसा आहे, का असा आहे, ते नाही. म्हटलं, जातोच आहोत तर एवढं तरी होऊ दे."

त्यानंतर लवकरच त्यांनी वैयक्तिक कारणांसाठी राजीनामा दिल्याचं कंपनीने कळवलं. निरोप समारंभाला ज्यांची माफी मागितली होती त्या बाई आल्या होत्या, बाकी बहुतेक जण नव्या साहेबांच्या ओळखीच्या मीटिंगमध्ये होते, असं मला नंतर कळलं. एचआरच्या बाईंनी मला फोन करून नव्या साहेबांचं कोचिंग घ्याल का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. दुसरं कुणीतरी लगेच मिळालं.

जवळजवळ वर्षाने प्रभादेवीला एका उपाहारगृहात ते मला दिसले. एकटेच होते. मला बघून उठून उभे राहिले, बसायला सांगितलं. केस बरेच पांढरे झाले होते. मी कामाचं विचारलं.

त्यांनी काही न लपवता सांगितलं. बऱ्याच ठिकाणी बोलणी झाली, शेवटच्या फेरीपर्यंत जायची आणि मग फोन येणंच थांबायचं. शेवटी एका ओळखीच्या माणसाने खरं कारण सांगितलं. या लहान वर्तुळात बातमी फिरली होती की यांना कोच लावावा लागला होता. माणसात काहीतरी खोट असल्याशिवाय कोच लावतात का, असं एका मालकाने म्हटलं होतं.

कोचिंग हा मान असतो, कंपनी ज्यांच्यावर विश्वास ठेवते त्यांच्यासाठीच असतं, असं मी स्वतः किती जणांना सांगितलं होतं. माझं येणंच त्यांना भोवलं होतं. मला वाईट वाटतंय, एवढंच म्हणू शकले. त्यांनी हात हलवून तो विषय बाजूला केला.

आता ते वापीजवळ एका लहान कारखान्यात होते. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. त्यांच्या आईला बीडीडी चाळीच्या जागी झालेल्या नव्या इमारतीत घर मिळालं होतं, वरच्या मजल्यावर. चाळीत दार उघडं टाकून बसायची, आता दार लावून बसते. लिफ्टची भीती वाटते म्हणून खाली उतरत नाही. समोरच्या घरात कोण राहतं ते तिला अजून माहीत नाही. शनिवारी ते आले की ती आठवडाभराचं साठलेलं बोलते.

"तुम्ही ऐकता," मी म्हणाले.

"तिचं ऐकतो," ते म्हणाले. "कारखान्यात नाही ऐकत. सुरुवातीला प्रयत्न केला. मालक म्हणाला, तुम्हाला ओरडायला घेतलंय, विचारायला नाही. आता परत पूर्वीसारखं. वाक्य तोडतो मी लोकांचं. त्यांची तोंडं पडतात ती आता मला दिसतात, पूर्वी दिसत नव्हती. एवढाच काय तो फरक."

ते हे अगदी सरळ आवाजात बोलले. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि मला एकही प्रश्न सुचला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, आई वाट बघत असेल म्हणाले. मीही उठले. मला त्या दुपारी लोअर परळला एका बँकेतल्या साहेबांकडे जायचं होतं, आमची ती पहिलीच बैठक होती.